सहा दिवस वसुलीचे, एक घाटाचा

अमरावतीच्या जवाहर गेटाच्या आतील जुन्या बाजारात सकाळी साडेसातला एकही शटर उघडलेले नसते. मात्र एका वाड्याच्या अंगणातून त्या वेळी एक मोटारसायकल रोज बाहेर पडते. चालवणारा एकोणतीस वर्षांचा, होजिअरीच्या घाऊक व्यापारातील तिसऱ्या पिढीचा तरुण. मागील सीटवर रबरी पट्ट्याने आवळलेला नमुन्यांचा गठ्ठा, टाकीवर अडकवलेल्या कापडी पिशवीत बिलबुक आणि येणे रकमांची यादी. सोमवार दर्यापूरचा, मंगळवार अंजनगाव सुर्जी आणि अकोटचा, बुधवार मूर्तिजापूर-अकोल्याचा, गुरुवार मोर्शी-वरूडचा, शुक्रवार चांदूर बाजार आणि परतवाड्याचा. शनिवारी तो गादीवर बसतो आणि आठवड्याचा हिशेब खतावणीत उतरवतो. वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांत अशी एक तरी मोटारसायकल असतेच. तिला वाहन म्हणावे की दुकानाची फिरती शाखा म्हणावे, हा प्रश्नच आहे.

मोबाइलवरून पैसे पाठवता येऊ लागल्यापासून ही फेरी संपेल असे पुष्कळांनी भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. रक्कम फोनवर येते, पण ती देण्याची आठवण समोर उभ्या राहिलेल्या माणसालाच पाहून होते. शिवाय ग्राहक-दुकानदाराची खरी स्थिती त्याच्या दुकानात पाऊल टाकल्यावाचून कळत नाही. मांडणीवर धूळ किती आहे, गल्ल्याजवळ मुलगा बसला आहे की नोकर, गेल्या महिन्याचा गठ्ठा फुटला आहे की तसाच आहे, या गोष्टी कोणताही ताळेबंद सांगत नाही. म्हणून तेहतीस हजारांच्या वसुलीसाठी दीडशे किलोमीटरचा फेरा आजही परवडतो.

हे रस्ते दिसायला सपाट, पण चालवायला सोपे नव्हेत. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा हा काळ्या कपाशीच्या जमिनीचा प्रदेश. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर उचलला जातो आणि खचतो. म्हणून दर्यापूरकडील डांबरी रस्ता खड्डे नसतानाही लाटांसारखा वरखाली होतो. चारचाकीत बसणाऱ्याला त्याचा झोका लागतो. दुचाकीस्वाराचे पुढचे चाक मात्र अशा लाटेच्या माथ्यावर क्षणभर हलके होते आणि नेमके तेव्हाच ब्रेक दाबला तर ते सरकते. हिवाळ्यात कपाशीने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांच्या मागे लाल दिवा नसणे, शेताच्या कडेने एकाएकी रस्त्यावर येणारे रोही, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर गेलेले ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्म्यामुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम लावावे लागले होते. त्या दिवसांतही वसुलीच्या गाड्या थांबल्या नव्हत्या. निघण्याची वेळ तेवढी पहाटेची झाली होती.

अमरावती-अकोला महामार्गाची गोष्ट निराळी. वर्षानुवर्षे रखडलेला हा रस्ता जून २०२२ मध्ये जगभर गाजला. ३ ते ७ जून या काळात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एकपदरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता. तेथे सुमारे २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. अमरावती-अकोल्याच्या कामावर ७२० माणसे पाळीपाळीने राबत होती. आता या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून दुचाकी विनापथकर, विनाधक्का जाते. पण गुळगुळीत रस्त्याची जोखीम खडबडीत रस्त्याहून कमी असते, हा समज व्यापाऱ्याने तरी बाळगू नये. खड्डा गाडीला हळू करतो. विक्रमी डांबर करत नाही. उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी दुसरी मोटारसायकल, पहाटेच्या अंधुक उजेडात कडेने विहार करणारे साधू-साध्वी आणि त्यांच्यासोबतचे श्रावक, हे सारे त्याच डांबरावर असतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. कारंजा लाडला जाणारा आपला होजिअरीवाला त्याच्या पुलाखालून जातो आणि वरच्या मोटारींचा नुसता आवाज ऐकतो.

असे सहा दिवस गेले की रविवार येतो, आणि हाच मनुष्य त्याच मोटारसायकलवरून पुन्हा बाहेर पडतो. या वेळी गठ्ठा नसतो, यादी नसते. घरातील वादाचे मूळ येथेच होते.

रविवारचा रस्ता बहुधा उत्तरेचा. परतवाडा ओलांडले की सातपुड्याची निळी भिंत जवळ येते. तेथून घाटांगमार्गे चढणारा रस्ता सागाच्या रानातून वळणे घेत सुमारे अकराशे मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला पोहोचतो. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. येथे इंग्रजांच्या काळी लावलेली कॉफी आजही पिकते. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा म्हणजेच हे ठिकाण, अशी लोकश्रद्धा आहे. जवळच गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला आणि नागपूरकर भोसल्यांना तहाला यावे लागले. त्याआधीची लढाई अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात झाली होती. आपला तरुण दर मंगळवारी अकोटला येणे मागायला जातो, तेथून ते मैदान फार दूर नाही. पण मंगळवारी अडगाव म्हणजे न फिटलेली बिले. ते इतिहासाचे गाव होते फक्त रविवारी.

पावसाळ्यानंतरचे दोन महिने या रस्त्यांचे. घाटांगहून डावीकडे न वळता सरळ गेले की सेमाडोह येते, सिपना नदी भेटते, पुढे कोलकास, हरिसाल आणि धारणी. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले त्यांत मेळघाट होता, आणि हा रस्ता त्याच्या पोटातून जातो. येथे हॉर्न वाजवत जाणे, माकडांना बिस्किटे टाकणे आणि कोरकू वस्तीतून वेगाने गाडी काढणे या तीन गोष्टी शहरातील स्वारांनी सोडल्या तर रानाचे आणि त्यांचेही पुष्कळ भले होईल. अकोल्याकडून निघणाऱ्यांचा ओढा अकोट, पोपटखेड आणि शहानूरकडे, नरनाळ्याच्या पायथ्याशी असतो. त्या किल्ल्याचा महाकाली दरवाजा एकदा पाहिलेला मनुष्य पुन्हा जातो. दक्षिणेचा पातूर घाट तुलनेने छोटा. पण मेडशी-मालेगाववरून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना तो चांगला परिचित आहे.

या स्वारीत काय सुख आहे हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगता येणे कठीण. मोटारीत काच असते. तिच्याबाहेर रान दिसते. दुचाकीवर ते अंगाला लागते. परतवाड्यातील गरम हवा आणि घाटातील पहिल्या सावलीची हवा यांतील फरक मनगटांना कळतो. ओल्या सागपानांचा वास कोणत्या वळणावर सुरू होतो, हे नेहमीच्या स्वाराला ठाऊक असते. आणि एक गोष्ट आणखी. सहा दिवस ज्या माणसाला प्रत्येक थांब्यावर कोणाकडून तरी काही मागायचे असते, त्याला सातव्या दिवशी कोणाकडूनही काही नको असते.

वडिलांना हे पटत नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता. चिखलदरा जाऊन-येऊन सुमारे एकशे सत्तर किलोमीटर, पेट्रोल साडेतीन लिटर, भाव लिटरला शंभराच्या वर, टायर आणि तेलाची झीज निराळी. कीर्दीत ते ही रक्कम स्वतःच्या हाताने 'मौज खर्च' या नावाखाली टाकत आणि महिनाअखेरीस सुनेच्या देखत वाचून दाखवत. "घरी दोन वर्षांची मुलगी आहे, आणि घाटात जायचे कशाला?" हा त्यांचा प्रश्न. "बाबूजी, तुम्हीही राजदूतवर मुक्तागिरीला जात होता," असे मुलगा म्हणे. हे खरे होते. वडील तरुणपणी राजदूतवर मुक्तागिरीला गेले होते आणि उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवल्याची कहाणी अजूनही रंगवून सांगत असत.

त्या पिढीच्या दुचाकींचा येथे थोडा उल्लेख केला पाहिजे. १९७२ मध्ये फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना ही पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली आणि लहान व्यापाऱ्याच्या हाती प्रथमच स्वतःचे यंत्र आले. सायकलवर पंधरा किलोमीटर जाणारा वसुलीवाला लुनावर तालुका ओलांडू लागला. दोन पिशव्या पुढे, एक पोते मागे, चढावर पायडल मारायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेच नाव विजेवर चालणाऱ्या रूपात परत आले आहे. वऱ्हाडातील कित्येक घाऊक दुकानांच्या भांडवलात त्या पन्नास सीसीचा वाटा आहे. तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, इतकेच.

घरातील वाद असा चालू असतानाच अपघात झाला, आणि तो रविवारी झाला नाही. पौषातील एका सोमवारी, दर्यापूरहून परतताना, संध्याकाळी पावणेसहाला, सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकावे या घाईत तो असताना तुरीच्या शेतातून एक रोही रस्त्यावर आले. ब्रेक लागला तो नेमका रस्त्याच्या लाटेवर. उजवे मनगट मोडले, कानशिलावर पाच टाके पडले, गाडीचे पुढचे चाक आणि फोर्क वाकले. पायांत चपला होत्या. हेल्मेट होते, पण ते कोपरात अडकवलेले होते, कारण दर्यापूर म्हणजे रोजचाच रस्ता.

याच तरुणाची रविवारची तयारी पाहिली असती तर हा दुसराच कोणी मनुष्य वाटला असता. शनिवारी रात्री टायरमधील हवा, चेनचा ताण, ब्रेक-शू, क्लचची वायर पाहिली जाई. अंगात जाळीदार नायलॉनचे जाकीट असे. कातडी जाकीट घरात येण्याचा प्रश्नच नव्हता. पायांत कॅनव्हासचे घोट्यापर्यंतचे बूट, हातांत कापडी मोजे, डोक्यावर आयएसआय चिन्हाचे, हनुवटीखाली पट्टा आवळलेले हेल्मेट. उतारावर दुसरा गिअर, इंजिन चालू. मौजेसाठी निघणारा मनुष्य सावध होता आणि पोटासाठी निघणारा बेसावध. घरच्यांची सारी भीती मात्र मौजेच्या वाट्याला आली होती.

देशाचे आकडेही हेच दाखवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील लोकांचा वाटा ४४.५ टक्के होता. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले; पैकी ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेल्यांच्या या आकड्यावर कुटुंबवत्सल वाचकांनी थोडे थांबावे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटचे बंधन घालते. पण मंदिराला जाताना साडीवर हेल्मेट घालणारी सून किती घरांत दिसते? आणि शिकवणीला जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती सव्वाशे सीसीची स्कूटर देणाऱ्या पालकांना कलम १९९-क माहीत असते का? त्यात पालकालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे.

मनगट सहा आठवड्यांत जुळले. घराची झोप उडवली ती मुनीमजींनी. विम्याच्या दाव्याचे कागद जमवताना त्यांनी गाडीची फाईल उघडली आणि एकामागून एक तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली अशी. गाडी २०२१ मध्ये घेताना विमा 'पाच वर्षांचा' घेतला, असे घरात सर्वजण समजत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, हे बरोबर. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्या पॉलिसीत एकाच वर्षाचा होता. तो २०२२ मध्येच संपला आणि नूतनीकरण कोणी केले नाही. कागदावर २०२६ हा आकडा ठळक होता, त्यामुळे कोणी दुसरा आकडा वाचलाच नाही. चाक आणि फोर्कचा खर्च खिशातून गेला.

दुसरी याहून जड. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, हे मुनीमजींना ठाऊक होते. परंतु ही गाडी पेढीच्या नावावर होती. घसारा मिळतो, कर्जाचे व्याज खर्चात टाकता येते, म्हणून वडिलांनीच ती तशी घेतली होती. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय योग्य. मात्र भागीदारी पेढी किंवा कंपनी मोटारसायकल चालवत नाही. म्हणून अशा नोंदणीवर मालक-चालकाचे हे संरक्षण दिलेच जात नाही. त्या संध्याकाळी मनगटाऐवजी आणखी काही मोडले असते, तर या सदराखाली सुनेच्या हाती एक रुपयाही पडला नसता.

तिसरी गोष्ट वडिलांच्या प्रश्नातून निघाली. "पेढीच्या ऐवजी माझ्या नावावर असती तर?" असे त्यांनी विचारले. उत्तर तेच होते. मालक-चालक म्हणजे नोंदणीपुस्तकातील मालक, स्वतः चालवत असलेला आणि वैध परवाना असलेला. वडिलांची गाडी मुलाने चालवली तर हे संरक्षण मुलाला लागू होत नाही. समोर दुसरे दोषी वाहन असेल तर त्याच्या विम्याकडे जाता येते. पण समोर रोही असेल तर कोणाकडे जाणार? सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये कर्नाटकातील असेच प्रकरण आले होते. मागून आणलेली मोटारसायकल, पुढे लोखंडी पत्रे वाहणारी बैलगाडी एकाएकी थांबली, स्वार गेला. न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा त्या गाडीच्या मालकाच्या जागी येतो, आणि दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली मालक स्वतःच्याच गाडीच्या विम्याकडे दावा करू शकत नाही. व्यापारी घरांत तर गाडी 'मागून आणलेली' आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पेढी घराची, घर सर्वांचे, किल्ली खुंटीला. कायदा खुंटी पाहत नाही, नोंदणीपुस्तक पाहतो.

वडील दोन दिवस फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुनीमजींना बसवून घरातील सर्व दुचाकींची पुस्तके मागवली. चार निघाल्या. दोन पेढीच्या नावावर, एक त्यांच्या स्वतःच्या आणि एक, दोन वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या चुलत्यांच्या नावावर, जी रोज नोकर चालवत होता. हे चित्र या एकाच घरातील आहे असे समजण्याचे कारण नाही.

पुढचे काम किरकोळ होते. ते आजवर झाले नव्हते एवढेच. पेढीने गाडी मुलाला पुस्तकी किमतीला विकली. फॉर्म २९ आणि ३० भरले. कर्ज फिटून वर्ष झाले तरी नोंदणीपुस्तकावरील बँकेचा बोजा उतरवलेला नव्हता, त्यासाठी बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ लागला. नाव बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी मुलाच्या नावे केली, स्वतःच्या नुकसानीचा भाग पुन्हा घेतला. घरातील जे कोणी एकमेकांच्या गाड्या चालवतात त्यांच्यासाठी गाडीशी न जोडलेला स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेतला, कारण तो माणसाबरोबर जातो; कोणाची किल्ली हाती आहे हे विचारत नाही. वारसाच्या रकान्यात लग्नापूर्वीचे, म्हणजे आईचे नाव होते. तेथे पत्नीचे आले. चुलत्यांच्या गाडीसाठी वारसाचा फॉर्म ३१ भरायचा राहिला होता, तोवर तिची किल्ली वडिलांनी तिजोरीत ठेवली.

रविवारच्या स्वारीबद्दल मात्र त्यांनी काहीही म्हटले नाही. फक्त सोमवारी सकाळी मुलगा चपला घालून निघाला तेव्हा त्यांनी अंगणातून हाक मारली आणि ते कॅनव्हासचे बूट दाखवले. दुपारच्या उन्हात हेल्मेट तापते, डोके भिजते, ही त्याची तक्रार खरी होती. सुनेने आत घालण्यासाठी पातळ सुती टोप्या शिवल्या, तीन, धुण्यासाठी आळीपाळीने. दर्यापूरहून निघण्याची वेळ पावणेपाचवरून चार झाली. एका दुकानदाराचे येणे त्यामुळे पुढच्या सोमवारवर गेले.

भाद्रपद संपल्यावर, पाऊस उघडल्यावर, वडील एका रविवारी स्वतःच म्हणाले, मुक्तागिरीला जाऊ. मोटार होती, पण त्यांना मोटारसायकलच हवी होती. त्यांच्यासाठी नवे हेल्मेट आणले गेले; पट्टा लावायला त्यांना शिकवावे लागले. परतवाड्याच्या नाक्यावर पंक्चरवाल्याने गाडी पाहताच हात केला. "भाऊ, मांगच्या चाकात हवा कमी हाय. दोघं जण हा, असे घाटाकडं जाऊ नोका." हवा भरली गेली. परतवाड्याहून चौदा-एक किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडून बैतूल जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीतील बावन्न मंदिरे आणि त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा त्या दिवशी भरून वाहत होता. वडिलांनी पायऱ्या तीन ठिकाणी थांबत चढल्या.

परतीला उतार लागला तेव्हा मागून आवाज आला, "इंजिन बंद कर रे, गाडी आपोआप जाते."

"नाही बाबूजी," मुलगा म्हणाला आणि त्याने दुसरा गिअर टाकला.

सहाच्या आत दोघे घरी पोहोचले. कीर्दीत त्या दिवशीच्या पेट्रोलची रक्कम वडिलांनी पुन्हा 'मौज खर्च' याच नावाखाली टाकली. हवेचे दहा रुपयेही त्यात धरले.